तीन बोटं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मिस्टरांना नाही, कराडला आईला फोनवर नाही. देवापुढं हात जोडल्यावर मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथंही मी या गोष्टीच्या कडेकडेनं जाते, वाटेत कुत्रं झोपलेलं असलं की आपण जातो तशी. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. नाहीतर परवा आर्याचा होमवर्क आला, म्हणून.

आर्या माझी मुलगी. इयर फाइव्हला आहे. शाळेनं तिला एक कागद दिला होता. त्यावर एक आडवी रेघ, एका टोकाला 'शुअर' लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला 'नॉट शुअर', आणि खाली कातरून काढायचे शब्द — सर्टनली, प्रॉबब्ली, आय थिंक, आय सपोज, माइट, मेबी. कुठल्या शब्दात किती खात्री आहे ते बघून तो रेघेवर चिकटवायचा. आर्यानं सगळे कपटे कातरून ओट्यावर मांडले आणि गोंदाची कांडी माझ्या हातात दिली. म्हणाली, "आई, यू डू इट. यू ऑलवेज से मेबी."

हसत म्हणाली. चिडवायला म्हणाली. मी 'मेबी'चा कपटा बोटावर घेतला आणि मला त्याची जागाच सापडेना. मधे लावू? या टोकाला? मी तर तो शब्द पार 'शुअर'च्या टोकावर उभं राहून वापरलाय. हे दहा वर्षांच्या पोरीला कसं सांगणार? तवा तापलाय म्हणून मी उठले. तवा तापला नव्हता, गॅससुद्धा लावलेला नव्हता.

थांबा, नीट सांगते. मला सरळ सांगायची सवय राहिलेली नाही.

मी आठवीपर्यंत शिकले. आईची कराडला खानावळ होती, आयटीआयच्या पोरांची. आईचं कंबरेचं दुखणं निघालं आणि मी शाळेतून जी घरी आले ती चुलीपाशीच राहिले. चाळीस पोरं एका वेळेला जेवायची. माप म्हणून काही नव्हतं आमच्याकडे. पिठल्याला बेसन किती, आमटीला पाणी किती, सगळं हाताला माहीत. मिस्टर त्याच पोरांतले, डिझेल मेकॅनिकच्या ट्रेडला होते. अजूनही सांगतात, मी हिच्या हाताच्या अंदाजावर लग्न केलं. मला आवडायचं ते ऐकायला. शिकलेली नाही, पण हात चुकत नाही — एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती ना.

मिस्टरांना ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत मोठ्या ट्रकांच्या वर्कशॉपला नोकरी लागली आणि आम्ही इथं आलो. लाल माती, चोहोबाजूंना काही नाही, पर्थला जायचं तर सात तास गाडी नाहीतर विमान. इथल्या मराठी बायका सगळ्या शिकलेल्या. कुणी हॉस्पिटलात डॉक्टर, कुणाचा नवरा खाणीत इंजिनियर आणि ती स्वतःही इंजिनियर. चांगल्या आहेत हो, मला कधी कमी लेखलं नाही. पण मीच कोपऱ्यात पुऱ्या लाटायला बसायची, म्हणजे कुणी काही विचारायला नको.

मला नोकरी मिळाली ती मॉरीनमुळे. मॉरीन आमच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायची. साठी ओलांडलेली, एकटी, मोठ्या आवाजाची. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं एक केंद्र आहे इथं, तिथल्या स्वयंपाकघरात ती वीस वर्षं होती. एकदा मी तिला डब्यातून भजी नेऊन दिली, तर दुसऱ्या दिवशी तिनं मला गाडीत घातलं आणि मॅनेजरसमोर नेऊन उभं केलं. मला मंगल म्हणायला तिची जीभ वळेना, म्हणून मी झाले मँगो. सगळ्यांसाठीच मँगो झाले. मला गाडी येत नव्हती, तर रोज सकाळी ती दारात हॉर्न वाजवायची. पहिल्या हिवाळ्यात मला कुडकुडताना बघून स्वतःचा कोट दिला, वर म्हणाली, आता यात मी मावत नाही, तुझ्या स्वयंपाकाची मेहेरबानी. कोट अजून आहे माझ्याकडे. घालत नाही. टाकवतही नाही.

आणि ते शब्द — ते तिनंच दिले.

झालं असं, की मी इंग्रजी बोलायची ते धाडकन. खानावळीत बोलायचो तसं. भाजी संपली. आमटी खारट आहे. तिथल्या एका आजींची मुलगी एकदा ट्रे बघून मला म्हणाली, आई जेवते ना नीट? मी म्हणाले, नाही, जेवत नाही, ती चालली आता. खरंच होतं ते. पण ती मुलगी तिथंच रडायला लागली आणि मला ऑफिसात बोलावणं आलं. परत जाताना गाडीत मी रडत होते. मॉरीननं गाडी बाजूला घेतली आणि समजावलं, की मँगो, खरं बोल, पण त्याच्याखाली एक उशी ठेव. तुझ्या मनात येतंय, तर आधी आय थिंक म्हण. असेल-नसेल, तर माइट म्हण. तुला वाटतंय पण बघितलेलं नाही, तर आय सपोज. अगदीच माहीत नसेल तर मेबी. आणि आमच्या इकडचं हवं असेल तर म्हण आय रेकन, मग तू पक्की कालगुर्लीची झालीस.

रोज जाता-येता आमचा हा वर्ग चालायचा. समोर ढग आला की ती विचारायची, मँगो, पाऊस? मी म्हणायची, आय सपोज. ती म्हणायची, इथं? मेबी सुद्धा जास्त होतंय. दोघी हसायचो.

तुम्हाला सांगते, मला ते शब्द फार आवडले. मऊ होते. त्यांच्या आड उभं राहिलं की कुणी धरू शकत नाही. 'मेबी' म्हटलं की समोरचा माणूस पुढं विचारतच नाही. मान हलवतो आणि जातो. गणपतीला कुणी विचारलं, मंगलताई, तुमचं शिक्षण कुठपर्यंत, तर मी हसून म्हणायची, दहावी-बिहावी, आय थिंक. आणि लोक हसून सोडून द्यायचे. आय थिंक! स्वतःचं शिक्षण कुणी आय थिंक म्हणून सांगतं का? तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मी उशी खऱ्याखाली नाही, खोट्याखाली ठेवायला लागलेय.

आता तो दिवस.

आमच्याकडे काही आजी-आजोबांना गिळायला त्रास होतो. साधं पाणी, साधा चहा त्यांच्या घशातून फुप्फुसात उतरतो. म्हणून त्यांचं प्यायचं सगळं एक पावडर घालून घट्ट करायचं. किती घट्ट, ते प्रत्येकाच्या नावापुढं भिंतीवर लिहिलेलं असतं. पावडरच्या डब्यात मापाचा चमचा असतो, तो सपाट भरून घ्यायचा, ढवळायचं, थांबायचं. मग कागदावर दोन सह्या, करणाऱ्याची एक आणि तपासणाऱ्याची एक. मी करायची, मॉरीन तपासायची. पहिले सहा महिने तिनं माझा प्रत्येक ग्लास चमच्यानं उचलून बघितला. मग बघणं सोडून दिलं. म्हणाली, तुझ्या हातात मोजमाप आहे, मँगो, मी कशाला लुडबूड करू? आणि नुसती सही करायला लागली. मला काय वाटलं असेल! आयुष्यात पहिल्यांदा कागदावरच्या कामात कुणी माझ्यावर भरवसा टाकला होता.

त्या दिवशी सकाळी डबा नवा आला. दुसऱ्या कंपनीचा, वेगळ्या रंगाचा. मॉरीननं तो उघडला, झाकणावरचं वाचलं आणि मला हाक मारली. मी कांदे चिरत होते. ती ओट्याच्या पलीकडं उभी राहिली, हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. "थ्री, मँगो. नॉट टू. थ्री." मी मान हलवली. तिनं पुन्हा बोटं नाचवली, मी ओल्या हाताची तीन बोटं तिला दाखवली, आणि दोघी हसलो.

हे एवढं स्पष्ट आठवतं मला. तिच्या मधल्या बोटाला बँडेज होतं, निळं, स्वयंपाकघरात लावतात तसलं.

दुपारच्या चहाच्या वेळेला मापाचा चमचा जागेवर नव्हता. भांड्यांच्या मशीनमध्ये गेला होता. मशीन चालू होतं, दहाएक मिनिटं थांबलं असतं तर निघाला असता. पण त्या दिवशी आर्याच्या शाळेत असेंब्ली होती, तिला स्टेजवर सर्टिफिकेट मिळणार होतं, आणि मी लवकर जायची परवानगी काढलेली होती. घड्याळ दिसत होतं. मी साधा चमचा घेतला आणि अंदाजानं पावडर घातली. हाताला जुन्या डब्याच्या दोन चमच्यांचीच सवय. त्या गिळायला त्रास होणाऱ्यांतल्या केनआजोबांचा चहा ढवळला, चमचा उचलून बघितला. धार लागली. पडायला हवा होता गोळा, आणि लागली धार. मला दिसलं ते. मी म्हटलं, बसलं की होईल घट्ट. पिठलं होतं तसं.

पिठलं! काय म्हणायचं याला?

मॉरीन फ्रिजपाशी माल मोजत होती. मी पुढं केलेल्या कागदावर तिनं न बघता सही केली आणि म्हणाली, पळ, माझ्या वाटच्या पण टाळ्या वाजव. आर्या स्टेजवर गेली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. मॉरीनच्या वाटच्या पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. केनआजोबांना चहा पिताना ठसका लागला, ते निळे पडले, अँब्युलन्स आली, रात्री विमानानं पर्थला नेलं. सांगून टाकते, ते वाचले. अडीच आठवड्यांनी परत आले, बारीक होऊन. पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं?

आणि मग ती मीटिंग. दोघीजणी होत्या, आमची मॅनेजर आणि बाहेरून आलेली एक बाई, लॅपटॉप घेऊन. फार मऊ बोलत होत्या. पाणी दिलं, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला. विचारलं, मापानं घातलं होतंस का? मी म्हणाले, आय थिंक सो. मग विचारलं, नव्या डब्याचं माप बदललंय, हे मॉरीननं तुला सांगितलं होतं का?

माझ्या डोळ्यांपुढं तीन बोटं होती. मधल्याला निळं बँडेज.

"मेबी," मी म्हणाले. "आय अ‍ॅम नॉट शुअर."

त्या बाईनं लॅपटॉपवरचा हात काढला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, काही हरकत नाही, इंग्रजी तुझी मातृभाषा नाही, तुला समजेल असं सांगायची जबाबदारी आमची होती. मी मान खाली घातली. माझ्या आठवीचा मी जन्मभर संकोच केला, आणि त्या दिवशी त्याच आठवीच्या मागं जाऊन लपले. आतून सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगितलं पाहिजे. सुटल्यासारखं वाटलं.

माझी नोकरी गेली तर मिस्टरांच्या व्हिसाचं काहीतरी होईल, अशी भीती होती — असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. व्हिसाचा आणि माझ्या नोकरीचा काही संबंधच नव्हता, मी कुणाला विचारलंही नव्हतं. आणि खरं सांगू? त्या खोलीत व्हिसा माझ्या मनातसुद्धा आला नव्हता. तो मी नंतर घरी येऊन शोधला.

मॉरीनला लेखी ताकीद मिळाली. न तपासता सही केली, हे तिनं स्वतःच सांगून टाकलं होतं, एका दमात, उशीबिशी न ठेवता. त्याचं तिला काही वाटलं नाही. चूक केली, भोगेन, म्हणाली. पण दुसरं जे कागदावर आलं, की मापाचं मँगोला सांगितल्याची खात्री होत नाही, ते तिच्या गळ्याखाली उतरेना.

ताकीद मिळाल्यावरही ती मला रोज गाडीतून नेत होती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी, खाणीकडच्या वळणावर, तिनं रेडिओ बंद केला.

"मी सांगितलं होतं ना तुला, लव्ह? तीनचं?"

रागानं नव्हती विचारत. मी खोटं बोलले असेन, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. ती खरंच विचारत होती. तिची आई शेवटची सहा वर्षं सगळं विसरून गेली होती, मॉरीनलाच शेजारीण समजायची. आमच्याच केंद्रात होती ती, मागच्या बाजूच्या खोलीत. मॉरीनला जगात एकाच गोष्टीची भीती होती, आणि ती मला माहीत होती. तिनं मला ती याच गाडीत सांगितली होती.

इथं तरी. इथं ऑफिस नव्हतं, लॅपटॉप नव्हता. माझ्या अंगात तिचा कोट होता. एक 'येस' म्हणायला किती श्वास लागतो?

"मेबी," मी म्हणाले.

वळण घेऊन तिनं गाडी सरळ केली. मग म्हणाली, "मला बोटं दाखवल्यासारखी आठवतात. पण ती दुसऱ्या कुठल्यातरी दिवशीची असतील. आय सपोज."

'आय सपोज' तिच्या तोंडून स्वतःबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं भरभर झालं. ती डॉक्टरकडे गेली, आठवणीची तपासणी करून घेतली. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द सांगून नंतर विचारले. सगळं बरोबर आलं. डॉक्टरनं सांगितलं, काही नाही. तिनं मला सांगताना म्हटलं, काही नाही — अजून तरी. कामात ती एकेक गोष्ट दोनदा बघायला लागली. गॅस बंद केला का ते मला विचारायची. मी म्हणायची, हो, केला. ते मात्र मी ठणकावून सांगायची, बघा. जणू तेवढ्यानं काही भरून येणार होतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, पण त्याच वर्षी ती सोडून गेली, मुलीकडं, बनबरीला. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, मी इथं एकवीस वर्षं होते, आय थिंक, कुणीतरी मोजून बघा. लोक हसले. मीपण हसले. ती मोठ्या आवाजाची बाई होती, आणि त्या दिवशी मागच्या बाकावर तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

स्वयंपाकघरात आता भिंतीवर एक चित्र लावलंय. पावडरचा डबा आणि पुढं तीन चमचे, रंगीत, मोठे. इंग्रजी कमी येणाऱ्यांना समजावं म्हणून. त्या मीटिंगमधूनच निघालं ते. नवीन मुली येतात त्यांना मीच ते दाखवते, कारण आता तपासणाऱ्याची सही माझी असते. प्रत्येक ग्लास चमच्यानं उचलून बघते. मापाचा चमचा साखळीनं बांधून ठेवलाय. सगळे म्हणतात, मँगोसारखं काटेकोर कुणी नाही.

माझ्या वाढदिवसाला मॉरीनचं कार्ड येतं. दरवर्षी येतं, अगदी त्या तारखेला, एक दिवस इकडं नाही की तिकडं नाही. आत लिहिलेलं असतं, तुझा वाढदिवस याच महिन्यात आहे, आय थिंक, चुकले असेन तर माफ कर, माझ्या डोक्याचं तुला माहीतच आहे. मी फोन करते, थँक्यू म्हणते. ती आर्याची चौकशी करते, त्या असेंब्लीला कशाचं सर्टिफिकेट मिळालं होतं तेसुद्धा तिच्या लक्षात आहे. वाचनाचं. ती म्हणते, वाचनाचं होतं, मेबी? मी म्हणते, हो, वाचनाचं. आणि फोन ठेवते.

परवाचा होमवर्क शेवटी आर्यानंच पुरा केला. 'मेबी' तिनं मधोमध चिकटवला. शाळेतून बरोबरची खूण होऊन आला.

तू सांगितलं होतंस, मॉरीन. कांदे चिरत होते मी. तू तीन बोटं वर केलीस, मधल्याला निळं बँडेज होतं, आणि मी ओल्या हातानं तुला तीन दाखवली. त्याच दिवशी. सकाळी.